सौर प्रकल्पांच्या करात गावाचा वाटा कायद्याने ठरवा: विधिमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व महाराष्ट्र विधान परिषद यांचे सर्व सन्माननीय सदस्य,

सविनय नमस्कार.

राज्यातील सौर ऊर्जा प्रकल्पांवर कर कोणी, कशावर आणि किती आकारावा, आणि ज्या गावाच्या शिवारात हे प्रकल्प उभे राहतात त्या गावाच्या ग्रामपंचायतीच्या पदरात त्यातून नेमके काय पडावे, हे विधिमंडळाने एका स्पष्ट कायद्याने ठरवावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आज या प्रश्नाचे उत्तर अधिनियमाच्या एका कलमात, जुन्या नियमांत, वेळोवेळी निघालेल्या शासन निर्णयांत आणि सरपंच व कंपनीचा साइटवरचा माणूस यांच्यात झालेल्या बोलण्यात विखुरलेले आहे. पंचवीस वर्षे चालणाऱ्या प्रकल्पाचा हिशेब इतक्या कच्च्या पायावर ठेवणे गावाच्या हिताचे नाही, गुंतवणूकदाराच्याही नाही.

सौर ऊर्जेला माझा विरोध नाही, हे आधीच नोंदवतो. रात्रीची लाईट आली म्हणून पांघरूण फेकून मोटर सुरू करायला जाणारा शेतकरी, बांधावरचा साप, उसातला बिबट्या आणि ओल्या हाताने उघडलेली स्टार्टरची पेटी यांचे भय ज्यांनी घरात अनुभवले आहे, त्यांना दिवसा मिळणाऱ्या विजेचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. शेतीला दिवसा सौर वीज देण्यासाठीची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला, २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातील धोंदलगावचा ३ मेगावॅटचा प्रकल्प या टप्प्यातला पहिला प्रकल्प म्हणून सुरू झाला आणि पुढे योजनेचे उद्दिष्ट १६ हजार मेगावॅटपर्यंत वाढवण्यात आले. हे काम चांगले आहे आणि ते वेगाने व्हावे. मात्र एवढ्या मोठ्या प्रमाणावर जमीन वापरणारे काम गावांच्या हद्दीत होत असताना त्या गावांचे कायद्यातले स्थान इतके धूसर का, हा माझा प्रश्न आहे.

योजनेतल्या तीन आकड्यांकडे आपले लक्ष वेधतो. प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीशी होणारा वीज खरेदी करार २५ वर्षांचा असतो, म्हणजे तिचे उत्पन्न २५ वर्षांसाठी निश्चित होते. जमीन भाड्याने देणाऱ्या शेतकऱ्याला हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये आणि त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते, म्हणजे त्याचीही भाडेपट्ट्याच्या मुदतीपर्यंतची सोय होते. आणि ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत हा प्रकल्प आहे तिला दरवर्षी ५ लाख रुपयांचे अनुदान मिळते, तेही फक्त तीन वर्षे. चौथ्या वर्षी कंपनी आहे, भाडेकरार आहे, कुंपण आहे, गावाच्या रस्त्यावरून जाणारी तिची वाहने आहेत, पण गावाच्या जमाखर्चात प्रकल्पाचे नाव उरलेले नाही.

तीन वर्षांचे हे अनुदान चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. लहान गावाला १५ लाख रुपये ही मोठी रक्कम आहे आणि शाळेची खोली, पाण्याची टाकी, स्मशानभूमीचा रस्ता अशी अडलेली कामे तिच्यातून होऊ शकतात. पण अनुदान म्हणजे शासनाने दिलेली मदत. ती शासनाच्या मर्जीवर आणि अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर अवलंबून असते, आणि प्रकल्प ३ मेगावॅटचा आहे की २० मेगावॅटचा, त्याने गावाची दहा एकर जमीन अडवली आहे की शंभर एकर, याच्याशी तिचे प्रमाण बसत नाही. शिवाय हे अनुदान योजनेतल्या प्रकल्पांपुरतेच आहे. एखाद्या कारखान्याला स्वतःच्या वापरासाठी किंवा खुल्या प्रवेशाने, म्हणजे महावितरणच्या तारांतून पण थेट ग्राहकाला विकून, वीज पुरवणारा ५० मेगावॅटचा खासगी प्रकल्प शेजारच्या गावात उभा राहिला, तर त्या गावाला या योजनेतून एक रुपयाही मिळत नाही. कर हा हक्क असतो. तो ग्रामपंचायतीच्या मागणी रजिस्टरला लागतो, वसूल करता येतो, त्याची थकबाकी दाखवता येते आणि त्याच्या भरवशावर पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक करता येते.

आता कायद्याच्या आजच्या स्थितीकडे वळतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ नुसार ग्रामपंचायतीला गावातील इमारतींवर आणि ज्या जमिनींवर शेतसारा आकारला जात नाही अशा जमिनींवर कर बसवता येतो. ही शब्दरचना झाली तेव्हा शेतातल्या लोखंडी सांगाड्यांवर हजारो काचेची तावदाने बसवून वीज तयार होईल, हे कोणाच्या कल्पनेतही नव्हते. सौर प्रकल्पांसाठी अकृषिक परवानगीची अट शासनाने सैल केली, आणि प्रकल्प लवकर उभे राहावेत म्हणून ते योग्यही होते. पण त्याचा करावर होणारा परिणाम कोणी पाहिलेला दिसत नाही. जमीन महसुली दप्तरात शेतीचीच राहिली आणि तिच्यावर शेतसाराच चालू राहिला, तर ती ग्रामपंचायतीच्या कराच्या कक्षेबाहेर जाते. मग उरते ती इमारत. सौर पॅनेल ही इमारत आहे का? जमिनीत रोवलेले खांब, त्यांवरचा सांगाडा, त्यावर नटबोल्टने बसवलेली पॅनेल यांना कंपनीचे सल्लागार यंत्रसामग्री म्हणतात आणि ग्रामपंचायत बांधकाम म्हणते.

एका गावाचे नमुना ८ चे कर आकारणी रजिस्टर मी पाहिले आहे. त्यात मातीचे घर, दगड-विटांचे घर, आरसीसी इमारत, पत्र्याचा गोठा असे मालमत्तांचे वर्णन ओळीने लिहिलेले होते. त्याच पानावर एका सौर प्रकल्पाची नोंद होती आणि तिच्यात दोनच गोष्टींवर आकारणी केलेली होती: इन्व्हर्टरची खोली आणि राखणदाराची केबिन. काही एकरांवर पसरलेली पॅनेल बसतील असा रकानाच त्या रजिस्टरात नसल्याने ती आकारणीत आलीच नव्हती. त्या वर्षी कित्येक लाख युनिट वीज तयार करणाऱ्या प्रकल्पाची घरपट्टी गावातल्या एखाद्या बऱ्यापैकी दुमजली घराएवढी निघाली. यात त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याचा दोष नाही. त्याच्या हातात कायद्याने जे साधन दिले होते, तेवढेच त्याने वापरले. दुसऱ्या एखाद्या गावात नेमके उलटे होऊ शकते: प्रकल्पाच्या संपूर्ण भांडवली किमतीवर आकारणी करून न परवडणारी मागणी काढली जाते, कंपनी अपिलात जाते आणि वर्षानुवर्षे कोणाच्याच हाती काही लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये अहमदाबाद महानगरपालिकेच्या प्रकरणात मोबाइल मनोरा हा मालमत्ता कराच्या दृष्टीने इमारत ठरू शकतो, असा निर्णय दिला. त्या आधारे सौर पॅनेलच्या रांगांनाही हा तर्क लावता येईल, असे म्हणणारे कायदेतज्ज्ञ भेटतील आणि येणार नाही असे म्हणणारेही भेटतील. माझे म्हणणे एवढेच आहे की दोन-तीन हजार लोकवस्तीच्या गावाने हा वाद न्यायालयात लढवून निकाल मिळवावा, अशी अपेक्षा ठेवणे अन्याय्य आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर विधिमंडळ एका कलमाने देऊ शकते, तो प्रश्न गावांच्या माथी मारू नये.

पवनचक्क्यांच्या बाबतीत महाराष्ट्राने हे सारे एकदा पाहिले आहे. साताऱ्यातल्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारापासून सांगलीच्या ढालगाव परिसरापर्यंत आणि धुळे जिल्ह्यातल्या ब्राह्मणवेलपर्यंत पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यामागोमाग कराच्या मागणीचे आणि थकबाकीचे वादही आले. पवनचक्कीची किंमत कशी धरायची, उंची मोजायची की क्षमता, मालक बदलला तर नोटीस कोणाला बजावायची, असे प्रश्न त्यांत होते. मालकाचे कार्यालय मुंबईत किंवा दुसऱ्या राज्यात, गावात फक्त देखभालीची माणसे, आणि ती म्हणणार की आम्हाला याची काही कल्पना नाही. सौर प्रकल्पांत ही अडचण अधिक मोठी होईल, कारण प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र कंपनी काढण्याची आणि काही वर्षांनी ती विकून टाकण्याची पद्धत या क्षेत्रात सर्रास आहे.

मग कर कशावर लावायचा? पहिला मोह वीजनिर्मितीवर लावण्याचा होतो. जेवढी युनिट तयार होतील तेवढे पैसे, हे ऐकायला सरळ वाटते. पण हा रस्ता घटनेने राज्यांना मोकळा ठेवलेला नाही. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या ५३ व्या नोंदीत विजेच्या वापरावर किंवा विक्रीवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. निर्मितीचा उल्लेख तिथे नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्व राज्यांना पत्र पाठवून वीजनिर्मितीवरचा कर, त्याला कोणतेही नाव दिले तरी, घटनाबाह्य असल्याची भूमिका मांडली. हिमाचल प्रदेशाने जलविद्युत प्रकल्पांवर पाण्याचा उपकर बसवणारा कायदा २०२३ मध्ये केला आणि मार्च २०२४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. महाराष्ट्राने त्याच वाटेने जाऊन पाच-सात वर्षे न्यायालयात घालवू नयेत.

योग्य वाट त्याच राज्यसूचीच्या ४९ व्या नोंदीतून जाते. जमिनी आणि इमारती यांवर कर बसवण्याचा अधिकार त्या नोंदीने राज्याला दिला आहे आणि अनुच्छेद २४३-एच नुसार विधिमंडळ तो कर आकारून ठेवण्याचा अधिकार कायद्याने पंचायतींना देऊ शकते. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खनिजांच्या प्रकरणात बहुमताने दिलेला निर्णय येथे मोलाचा आहे. खनिज असलेल्या जमिनीवर राज्याला कर बसवता येतो आणि त्या कराचे माप म्हणून जमिनीतून निघणाऱ्या खनिजाचा आधार घेता येतो, असे त्या निकालाने मान्य केले. कर कशावर आहे आणि तो कशाने मोजला आहे, या दोन वेगळ्या बाबी आहेत. सौर प्रकल्पाखालच्या जमिनीवरचा कर तिच्यावर बसवलेल्या क्षमतेच्या मापाने, म्हणजे प्रति मेगावॅट ठरावीक दराने आकारला, तर तो जमिनीवरचाच कर राहतो. कायदा लिहिताना शब्द काळजीपूर्वक योजावे लागतील, आणि ते काम महाधिवक्ता व विधी विभागाने आधीच करावे, अशी अपेक्षा आहे.

निर्मितीवर कर नाही याचा आणखी एक परिणाम होतो, आणि माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म त्यातच आहे. राज्याला विजेतून मिळणारा महसूल वापराच्या टोकाला गोळा होतो. महाराष्ट्र वीज शुल्क अधिनियम, २०१६ नुसार घरगुती ग्राहकाच्या बिलावर १६ टक्के आणि वाणिज्यिक ग्राहकाच्या बिलावर २१ टक्के शुल्क लागते. १९६३ च्या कायद्यानुसार वीज विक्री कर आहे, आणि २०२५ मध्ये सौर कृषी पंपांना निधी मिळावा म्हणून औद्योगिक व वाणिज्यिक ग्राहकांवरील हा कर युनिटमागे सुमारे दहा पैशांनी वाढवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. म्हणजे वीज जिथे वापरली जाते तिथे राज्य आपला वाटा घेते आणि वेळप्रसंगी तो वाढवूनही घेते. वीज जिथे तयार होते त्या गावाची मात्र जमीन जाते, चराई बंद होते, बांधकामाच्या दिवसांत अवजड वाहनांनी रस्ते उखडतात, आणि कराच्या नावाने त्याच्या हाती इन्व्हर्टरच्या खोलीची घरपट्टी येते. ही विषमता कोणी हेतूने घडवली असे नाही. पण ती दिसत असताना तशीच राहू देणे हा मात्र आपला निर्णय ठरेल.

माझा प्रस्ताव असा आहे. जमिनीवर उभारलेल्या प्रत्येक सौर प्रकल्पावर प्रति मेगावॅट वर्षाला २५ हजार रुपये एवढा ठोक कर ग्रामपंचायत अधिनियमात दुरुस्ती करून बसवावा, दर पाच वर्षांनी त्यात १० टक्के वाढ व्हावी आणि प्रकल्प चालू असेपर्यंत तो लागू राहावा. पॅनेल, सांगाडे, इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर, आवारातील खोल्या या सगळ्यांवरची मालमत्ता कराची वेगळी आकारणी याच रकमेत सामावून घ्यावी, म्हणजे पुन्हा भांडण उरणार नाही. कृषी वाहिनी योजनेतल्या गावांना पहिली तीन वर्षे अनुदान मिळते, तिथे हा कर चौथ्या वर्षापासून सुरू व्हावा. ५ मेगावॅटच्या प्रकल्पाचे गाव धरले तर त्याला चौथ्या वर्षापासून दरसाल सव्वा लाख रुपये मिळतील, आणि दरवाढ न धरताही उरलेल्या २२ वर्षांत साडेसत्तावीस लाख होतील. खासगी ५० मेगावॅट प्रकल्पाच्या गावाला पहिल्याच वर्षापासून साडेबारा लाख मिळतील.

हा भार पेलण्याजोगा आहे का, हे पाहायलाच हवे, कारण दर काढताना घाई केली तर नुकसान शेतकऱ्याच्या दिवसाच्या विजेचेच होईल. १९ टक्के वापर गुणांक, म्हणजे पूर्ण क्षमतेच्या १९ टक्के प्रत्यक्ष वीज, धरला तर एक मेगावॅटचा प्रकल्प वर्षाला सुमारे साडेसोळा लाख युनिट वीज देतो. युनिटला तीन रुपयांच्या आसपास दर मिळाला तर त्याचे वार्षिक उत्पन्न पन्नास लाखांच्या घरात जाते. २५ हजार रुपये म्हणजे त्याचा अर्धा टक्का, युनिटमागे दीड पैसा. योजनेचे १६ हजार मेगावॅटचे उद्दिष्ट पूर्ण झाले असे मानले तरी राज्यभरातल्या साऱ्या गावांना मिळून वर्षाला ४० कोटी रुपये होतात. राज्याच्या वीज महसुलापुढे ही रक्कम किरकोळ आहे. एकेका ग्रामपंचायतीला मात्र ती जन्मभर पुरणारी आहे.

यावर ऊर्जा विभागाकडून एक रास्त आक्षेप येईल आणि त्याला बगल देणे बरोबर नाही. आधी झालेल्या वीज खरेदी करारांत कायद्यातील बदलाचे कलम असते. नवा कर लागला की कंपनी ती रक्कम महावितरणकडे मागू शकते, आणि केंद्राच्या २०२१ च्या नियमांनी ही वसुली अधिक सोपी केली आहे. म्हणजे जुन्या प्रकल्पांवरचा कर शेवटी ग्राहकाच्या बिलात येईल. ते मान्य करूनच मी म्हणतो की युनिटमागे दीड पैसा ही वीज वापरणाऱ्यांनी ती पिकवणाऱ्या गावाला द्यावी अशी वाजवी रक्कम आहे. ज्यांना तेवढेही नको असेल त्यांनी जुन्या करारांच्या प्रकल्पांपुरती ही रक्कम वीज शुल्काच्या महसुलातून ग्रामपंचायतींना वर्ग करावी, असा पर्याय कायद्यात ठेवता येईल. नव्या निविदांना तर हा प्रश्नच येत नाही: दर भरण्याआधीच कर किती आहे हे कळले, की कंपनी तो हिशेबात धरते. गुंतवणूकदार कराला जितका भितो त्याहून अधिक तो अनिश्चित कराला भितो. दहा ग्रामपंचायतींचे दहा दर आणि दहा ठराव यांपेक्षा एक निश्चित आकडा त्यालाही हवा असतो.

दुसऱ्या देशांतही हा प्रश्न राज्यांच्या पातळीवरच सोडवला गेला आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याने २०२० मध्ये कायदा करून स्थानिक शासनसंस्थांना सौर प्रकल्पांकडून प्रति मेगावॅट वर्षाला १,४०० डॉलरपर्यंत वाटा घेण्याची मुभा दिली आणि पुढे त्यात दर पाच वर्षांनी १० टक्के वाढीची तरतूद केली; वर मांडलेली दरवाढीची कल्पना तिथूनच घेतली आहे. मिनेसोटाने २०१४ पासून एक मेगावॅटहून मोठ्या प्रकल्पांवर उत्पादनाच्या प्रमाणात कर लावला आणि त्याचे उत्पन्न काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी संस्था) आणि तिच्यातील शहरे व टाउनशिप यांच्यात वाटून दिले. आपल्या घटनेत उत्पादनावरचा कर बसत नाही, पण वाटणी कायद्यातच लिहून ठेवण्याची त्यांची पद्धत घेण्यासारखी आहे.

जपानच्या मियागी प्रांताचा दाखला मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तिथे एप्रिल २०२४ पासून जंगल तोडून उभारल्या जाणाऱ्या पुनर्नवीकरणीय ऊर्जा प्रकल्पांवर खास कर लागू झाला आहे. प्रकल्प जंगलाऐवजी दुसऱ्या योग्य जागी जावेत, हा त्याचा घोषित हेतू आहे. महाराष्ट्रात जंगलापेक्षा गायरानाचा आणि बागायती जमिनीचा प्रश्न मोठा आहे. कृषी वाहिनी योजनेत शासकीय जमीन वर्षाला एक रुपया नाममात्र भाड्याने दिली जाते. ती जमीन कागदोपत्री शासनाची असली, तरी गावाची जनावरे तिथेच चरत आली आहेत. शेळ्या-मेंढ्या राखणारी कुटुंबे, भूमिहीन मजूर, सरपण वेचणाऱ्या बाया यांचा उदरनिर्वाह त्या पडीक दिसणाऱ्या माळावर चालतो. खासगी जमीन गेली तर निदान तिच्या मालकाला भाडे मिळते. गायरान गेले तर ज्यांचे नुकसान होते त्यांच्या नावावर सातबाराच नसतो, त्यामुळे त्यांना काहीच मिळत नाही. म्हणून मुरमाड, नापीक खासगी जमिनीवर वरचा २५ हजारांचा मूळ दर, गायरानावर त्याच्या दुप्पट आणि बारमाही बागायती जमिनीवर मूळ दराच्या तिप्पट, असे स्तर कायद्यात ठेवावेत. गायरानावरच्या कराची निम्मी रक्कम चारा, कुरणविकास आणि जनावरांच्या पाण्यासाठीच खर्च करण्याचे बंधन असावे. असे स्तर ठेवले तर कर महसूल तर देईलच, पण प्रकल्प कुठे जावा हेही काही अंशी ठरवील.

वसुलीची यंत्रणा कायद्यातच असावी. कंपनीला महावितरणकडून विजेचे पैसे दरमहा मिळतात. वर्षाचा ग्रामपंचायत कर भरल्याची पावती सादर केल्याशिवाय एप्रिलचे बिल मंजूर होऊ नये, किंवा ती रक्कम महावितरणने कापून थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात भरावी. खुल्या प्रवेशाच्या प्रकल्पांना परवानगीच्या नूतनीकरणाच्या वेळी हीच अट घालता येईल. कंपनी विकली गेली तर थकबाकीची जबाबदारी नव्या मालकाकडे जावी. प्रकल्प दोन-तीन गावांच्या शिवारात पसरला असेल तर क्षेत्राच्या प्रमाणात वाटणी व्हावी. शासकीय कंपन्यांच्या प्रकल्पांना, साक्री तालुक्यातल्या महानिर्मितीच्या १२५ मेगावॅटसारख्या जुन्या प्रकल्पांनाही, वेगळी सूट असू नये. गावाला जमीन कोणी व्यापली याने फरक पडत नाही. आणि पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी क्षेत्रातल्या गावांत या निधीच्या विनियोगाचा निर्णय ग्रामसभेनेच करावा.

काही गोष्टी मात्र या करापासून पूर्णपणे दूर ठेवाव्यात आणि तसे कलमातच स्पष्ट लिहावे. घरांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या आणि गोठ्यांच्या छतावरची सौर यंत्रणा, शेतातले सौर पंप, आणि शेतकऱ्याने किंवा शेतकऱ्यांच्या संस्थेने स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या भांडवलाने उभारलेले २ मेगावॅटपर्यंतचे प्रकल्प यांना करमाफी असावी. घरांच्या छतांसाठीच्या केंद्राच्या सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅटच्या यंत्रणेला ७८ हजार रुपयांची मदत मिळते, आणि सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. एका हाताने अशी मदत देऊन दुसऱ्या हाताने छतावर कर लावण्याची वेळ कोणत्याही ग्रामपंचायतीवर किंवा नगरपालिकेवर येऊ नये.

या करातून मिळणाऱ्या पैशाचे गावाने काय करावे, हे मुंबईतून ठरवू नये. वर सांगितलेले कुरणाचे बंधन वगळता तो ग्रामसभेचा प्रश्न आहे. तरी एक उदाहरण देतो. पथदिव्यांची आणि नळ योजनेची वीजबिले थकली म्हणून ग्रामपंचायतींची जोडणी तोडण्याची कारवाई राज्यात अनेकदा झाली आहे. ज्या गावाच्या शिवारात रोज हजारो युनिट वीज तयार होते, त्या गावातल्या बायकांना बिल थकल्यामुळे बंद पडलेल्या नळयोजनेपायी पुन्हा हंडे घेऊन विहिरीवर जावे लागणे, हे आपण कोणत्याही निकषावर योग्य ठरवू शकणार नाही. हा कर नियमित मिळाला तर लहान गावाची ही दोन बिले त्यातून बऱ्याच अंशी भागतील. एक दक्षता मात्र हवी: हा कर मिळतो म्हणून त्या ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या किंवा अन्य अनुदानात कपात करता येणार नाही, अशी तरतूद कायद्यात असावी.

हा विषय ग्रामविकास, महसूल आणि ऊर्जा अशा तीन विभागांत विभागलेला आहे. ग्रामविकास विभागाला कर दिसतो, महसूल विभागाला जमीन दिसते आणि ऊर्जा विभागाला मेगावॅट दिसतात. त्यामुळे तिन्ही एकत्र पाहणारे विधेयक एका विभागाकडून येणे कठीण आहे. म्हणूनच हे पत्र कोणा एका मंत्र्याला न लिहिता आपणा सर्वांना लिहिले आहे. सत्ताधारी आणि विरोधी, दोन्ही बाकांवरच्या सदस्यांच्या मतदारसंघांत हे प्रकल्प आहेत. येत्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमावी, तिने सोलापूर, लातूर, बुलढाणा, धुळे आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत जाऊन सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, जमीन भाड्याने दिलेले शेतकरी, मेंढपाळ आणि प्रकल्प चालवणाऱ्या कंपन्या यांचे म्हणणे ऐकावे, आणि विधेयकाचा मसुदा हरकती व सूचनांसाठी मराठीतून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. योजनेतल्या प्रकल्पांची अनुदानाची तीन वर्षे २०२४ पासून मोजली तर पहिल्या गावांच्या बाबतीत ती २०२७ मध्ये संपतात. त्या आधी कायदा मंजूर होऊन त्याखालचे नियमही प्रसिद्ध व्हावेत, एवढा वेळ आपल्या हाती अजून आहे.

आपला नम्र,
ग्रामपंचायतींच्या करव्यवस्थेचा अभ्यास करणारा एक नागरिक